योगदर्शन आणि दैनंदिन आत्मभान

योगदर्शन आणि दैनंदिन आत्मभान : पातंजल योगदर्शनातील चित्तविषयक विचार सामान्य माणसाच्या रोजच्या वागण्यात, म्हणजे त्याच्या बोलण्यात, व्यवहारात, रागलोभात आणि कामधंद्यात, उतरविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास. योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध आणि त्याचे अंतिम फळ कैवल्य, म्हणजेच पुरुषाची प्रकृतीपासून पूर्ण मुक्तता, अशी या दर्शनाची भूमिका आहे. हे ध्येय लक्षात घेता योग हा संसार सोडलेल्या साधकाचाच विषय असावा, असा समज साहजिकच रूढ झाला. परंतु योगसूत्रे व त्यांवरील व्यासभाष्य यांत अस्थिर चित्ताच्या माणसासाठी स्वतंत्र साधना सांगितलेली आहे. त्या साधनेला पुढील काळात गृहस्थजीवनात निरनिराळी रूपे मिळाली. योगाचा दैनंदिन उपयोग ही आधुनिक काळातील सवलत आहे, की त्याला मुळातच आधार आहे, हा प्रश्न या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

प्राचीन पार्श्वभूमी : योगाची एक जुनी व्याख्या कठोपनिषदात आढळते. इंद्रियांची स्थिर धारणा म्हणजे योग, असे तेथे म्हटले असून त्या अवस्थेत मनुष्य ‘अप्रमत्त’ होतो, असेही सांगितले आहे. योग जसा येतो तसा जातोही, म्हणून सावध राहिले पाहिजे, असा त्याचा आशय. त्याच उपनिषदातील रथाचे रूपक प्रसिद्ध आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम व बुद्धी हा सारथी. रथ चालू असतानाच लगाम हाती ठेवायचा असतो, हे या रूपकातून सूचित होते.

‘अप्रमाद’ ही कल्पना श्रमणपरंपरांतही मध्यवर्ती होती. धम्मपदातील एक संपूर्ण वर्ग अप्रमादाला वाहिलेला आहे. जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रात महावीर आपला शिष्य गौतम याला क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश वारंवार करतात. बौद्ध साधनेत शरीर, वेदना, चित्त आणि धर्म यांच्याविषयी सतत जागृत राहण्याच्या अभ्यासाला ‘स्मृत्युपस्थान’ (पाली : सतिपट्ठान) असे नाव आहे. चालणे, बसणे, खाणे, पिणे अशा साध्या क्रियाही जाणीवपूर्वक करणे हा त्या अभ्यासाचा भाग होय.

योगसूत्रांवर या वातावरणाची स्पष्ट छाया आहे. श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी व प्रज्ञा ही पाच साधने पतंजलीने ज्या क्रमाने दिली आहेत, त्याच क्रमाने ती बौद्धांच्या ‘पंचेंद्रियां’त येतात. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावना बौद्धांच्या ‘ब्रह्मविहारां’शी जुळतात. योगसूत्रांत ‘स्मृती’ हा शब्द दोन अर्थांनी आला आहे, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. पाच वृत्तींपैकी एक म्हणून स्मृती म्हणजे पूर्वी अनुभवलेल्या विषयाची आठवण. ती निरोधाचा विषय आहे. वरील पाच साधनांतील स्मृती म्हणजे मात्र साधनेचे अखंड भान. हे भान स्थिर झाले म्हणजे चित्ताची व्याकुळता जाऊन ते समाहित होते, असे भाष्यकार म्हणतो.

योगसूत्रे आणि क्रियायोग : समाधी, साधन, विभूती व कैवल्य अशा चार पादांत विभागलेल्या योगसूत्रांची संख्या पाठभेदानुसार १९५ किंवा १९६ भरते. परंपरेने सूत्रकार पतंजली व व्याकरणमहाभाष्यकार पतंजली हे एकच मानले गेले. आधुनिक संशोधकांपैकी अनेक जण योगसूत्रांचा काळ इ. स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. सूत्रे व व्यासभाष्य ही एकाच ग्रंथाची दोन अंगे असावीत, असेही मत अलीकडे मांडले गेले आहे. पुढे वाचस्पतिमिश्राची तत्त्ववैशारदी, भोजाची राजमार्तंड ही वृत्ती (अकरावे शतक) व विज्ञानभिक्षूचे योगवार्त्तिक (सोळावे शतक) असे टीकाग्रंथ झाले. अल्-बीरूनीने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात पातंजल योगाचा अरबी अनुवाद केला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरा, म्हणजे साधनपाद विशेष महत्त्वाचा आहे. पहिल्या पादातील उपाय ज्याचे चित्त आधीच एकाग्र झाले आहे अशा साधकासाठी आहेत. ज्याचे चित्त अद्याप बाहेर धावते त्यानेही योगयुक्त कसे व्हावे, हे सांगण्यासाठी दुसऱ्या पादाचा आरंभ आहे, असे व्यासभाष्य स्पष्टपणे नमूद करते. याचे उत्तर म्हणून तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान या तिहींचा ‘क्रियायोग’ सांगितला आहे. तप म्हणजे देहदंड नव्हे; चित्ताच्या प्रसन्नतेला बाध येणार नाही इतकेच तप करावे, अशी मर्यादा भाष्यकाराने घातली आहे. स्वाध्याय म्हणजे प्रणवादी पवित्र मंत्रांचा जप किंवा मोक्षशास्त्राचे अध्ययन. ईश्वरप्रणिधान म्हणजे सर्व कर्मे ईश्वराला अर्पण करणे किंवा त्यांच्या फळांचा त्याग करणे. ईश्वरप्रणिधानाच्याच विवेचनात भाष्यकार एक श्लोक देतो. अंथरुणावर असो, आसनावर असो, की वाट चालत असो, ज्याचे वितर्कांचे जाळे क्षीण झाले आहे तो स्वस्थच असतो, असा त्याचा भावार्थ आहे. साधनेसाठी वेगळी काढलेली वेळ आणि उरलेला दिवस यांतील भेद येथे मावळलेला दिसतो.

क्रियायोगाची फले दोन सांगितली आहेत : समाधीची भावना वाढविणे व क्लेश क्षीण करणे. यांतील दुसरे फल दैनंदिन जीवनाशी थेट संबद्ध आहे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष व अभिनिवेश हे पाच क्लेश होत. ते प्रसुप्त, तनू, विच्छिन्न व उदार अशा चार अवस्थांत असतात. चैत्र नावाचा पुरुष एका स्त्रीवर अनुरक्त आहे, म्हणून तो इतर स्त्रियांविषयी विरक्त ठरत नाही; त्याचा राग या घटकेस एकीकडे प्रकट झाला असून दुसरीकडे तो पुढील काळाची वाट पाहत आहे, असे उदाहरण भाष्यात दिले आहे. राग दिसत नाही म्हणजे तो नाहीच, असे मानणे ही आत्मनिरीक्षणातील नेहमीची चूक या उदाहरणाने दाखविली आहे. अस्मितेचे लक्षणही याच संदर्भात महत्त्वाचे ठरते. पाहणारा पुरुष व पाहण्याचे साधन असलेली बुद्धी ही जणू एकच आहेत असे वाटणे म्हणजे अस्मिता. ‘मी रागावलो’ या साध्या वाक्यात हीच गफलत असते. राग चित्तात उठतो. द्रष्टा त्याचा साक्षी असतो. योगदर्शनाला अभिप्रेत असलेले आत्मभान हे मुळात असे विवेकाचे आहे. केवळ स्वतःच्या भावनांकडे लक्ष देणे एवढाच त्याचा अर्थ नाही.

यम आणि आचारशुद्धी : अष्टांगयोगातील पहिले अंग यम होय. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पाच यम. जात, देश, काळ व प्रसंग यांच्या मर्यादा न घालता पाळले असता त्यांस ‘महाव्रत’ म्हणतात. मर्यादित अहिंसेची उदाहरणे भाष्यकाराने लोकव्यवहारातून घेतली आहेत. कोळी मासे मारतो, इतरत्र हिंसा करीत नाही. कोणी तीर्थाच्या ठिकाणी किंवा चतुर्दशीला हिंसा टाळतो. क्षत्रिय केवळ युद्धात हिंसा करतो. स्वतःच्या सोयीसाठी आपण नियमाला किती अपवाद जोडतो, याची ही यादीच आहे.

यमांच्या विरुद्ध जाणाऱ्या विचारांना ‘वितर्क’ असे नाव आहे. हिंसेचा वितर्क स्वतः केलेला, दुसऱ्याकडून करविलेला किंवा दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेला असा त्रिविध असतो. त्यांपैकी प्रत्येक लोभ, क्रोध किंवा मोह यांतून उद्‌भवतो, म्हणजे नऊ प्रकार झाले. मृदू, मध्य व तीव्र या भेदांनी ते सत्तावीस होतात आणि या तीन मात्रांचे पुन्हा तीन-तीन पोटभेद केल्याने भाष्यकार एकूण ८१ भेद मोजतो. ही गणना शुष्क पांडित्य वाटण्याचा संभव आहे. परंतु करविणारा व संमती देणारा हेही दोषी होत, हे तीतून ठरते. त्यामुळे आत्मनिरीक्षण केवळ स्वतःच्या हातून घडलेल्या कृतीपुरते मर्यादित राहत नाही. आपण गप्प राहून कशाला मान्यता दिली, हा प्रश्नही त्यात येतो. अशा वितर्कांवर ‘प्रतिपक्षभावना’ हा उपाय सांगितला आहे. वाईट विचार उठताच त्याच्या दुःखरूप व अज्ञानरूप परिणामांचे चिंतन करणे, असे तिचे स्वरूप आहे. तिला एकान्ताची आवश्यकता नाही. भांडणाच्या किंवा व्यवहाराच्या प्रसंगीच ती उपयोगी पडते.

दुःखाच्या विचारातही हीच सूक्ष्मता आढळते. लोकरीचा तंतू अंगावर कोठेही पडला तरी बोचत नाही, पण डोळ्यात पडला की बोचतो. विवेकी पुरुष हा डोळ्यासारखा असतो, असे भाष्यकार म्हणतो. याच ठिकाणी रोग, रोगाचे कारण, आरोग्य व औषध या चिकित्साशास्त्राच्या चार अंगांप्रमाणे योगशास्त्राचीही चार अंगे असल्याचे तो दाखवितो. योगाने माणूस बधिर होतो, हा आक्षेप या विवेचनास धरून नाही. उलट आपल्या वागण्यातील दुःखबीज त्याला आधी जाणवू लागते.

गृहस्थाश्रम आणि योग : भगवद्‌गीतेने योगाला समत्व व कर्मातील कौशल्य असे अर्थ दिले आणि सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप व जागृती यांत प्रमाण राखण्यास सांगितले. याज्ञवल्क्यस्मृतीने योगाच्या द्वारे होणारे आत्मदर्शन हा श्रेष्ठ धर्म मानला आणि न्यायाने धन मिळविणाऱ्या, सत्यनिष्ठ गृहस्थालाही मुक्तीचा अधिकारी ठरविले. हठयोगाच्या ग्रंथांतही हा प्रवाह दिसतो. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या दत्तात्रेययोगशास्त्रात ब्राह्मण, श्रमण, बौद्ध, जैन, कापालिक, चार्वाक असे सर्वच अभ्यासाचे अधिकारी मानले आहेत. सिद्धी अभ्यासाने मिळते, विशिष्ट वेषाने किंवा योगाच्या गप्पांनी नव्हे, असे स्वात्मारामाची हठप्रदीपिका सांगते. शिवसंहितेत घरात, स्त्रीपुत्रांत राहूनही आसक्ती टाकलेल्या गृहस्थाला सिद्धी मिळते, असे म्हटले आहे.

महाराष्ट्रात नाथसंप्रदाय व भक्तिसंप्रदाय यांच्या संगमातून या विचाराला वेगळे वळण मिळाले. ज्ञानेश्वरांना (१२७५–९६) निवृत्तिनाथांकडून नाथपरंपरेचा वारसा लाभला होता. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात त्यांनी कुंडलिनीयोगाचे सविस्तर व अनुभवसंपन्न वर्णन केले आहे. असे असूनही बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या उपासनेचा मार्ग किती खडतर आहे ते सांगून ते भक्तीकडे वळतात आणि अठराव्या अध्यायात वाट्यास आलेले कर्म हीच सर्वात्मक ईश्वराची पूजा ठरवितात. पातंजल ईश्वरप्रणिधानातील कर्मार्पणाशी हा विचार जवळचा आहे. मात्र कैवल्याऐवजी येथे ईश्वराशी ऐक्य हे ध्येय आहे, हा भेद विसरता येत नाही. पैठणचे एकनाथ (१५३३–९९) यांनी गृहस्थाश्रमात राहूनच परमार्थ साधला. रामदासांनी (१६०८–८१) दासबोधात हरिकथानिरूपण व राजकारण यांच्या पाठोपाठ सर्व विषयांतील ‘सावधपणा’ला तिसरे स्थान दिले. प्रपंच व परमार्थ दोन्हींत त्यांनी विवेकाचा व अखंड सावधानतेचा आग्रह धरला. कठोपनिषदातील ‘अप्रमत्त’ या शब्दाची आठवण येथे होते. मात्र रामदासांच्या सावधपणात लोकव्यवहाराचे व समाजकारणाचे भान अधिक आहे.

आधुनिक काळ : एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य व भारतीय विद्वानांनी योगसूत्रांचे इंग्रजी अनुवाद केले. राजेंद्रलाल मित्र यांचा अनुवाद १८८३ मध्ये पूर्ण झाला. स्वामी विवेकानंदांच्या न्यूयॉर्क येथील व्याख्यानांतून राजयोग हा ग्रंथ १८९६ मध्ये सिद्ध झाला. त्याने योगसूत्रांना जगभर वाचक मिळवून दिले आणि योग म्हणजे स्वतःच्या मनावर करावयाचा प्रयोग, ही कल्पना रूढ केली. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या कारावासात लिहिलेल्या गीतारहस्यात (१९१५) गीतेतील ‘योग’ शब्द मुख्यतः कर्मयोगवाचक असल्याचे प्रतिपादन केले. श्रीअरविंदांनी आर्य मासिकातील लेखमालेत (१९१४–२१) समग्र जीवन हेच योगाचे क्षेत्र मानले.

महात्मा गांधींच्या आश्रमातील एकादश व्रतांत पतंजलीचे पाचही यम अंतर्भूत होते. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या व्रतांचे विवरण केले. गरज नसताना वस्तू घेणे हीसुद्धा चोरी होय, अशा प्रकारे अस्तेयाचा अर्थ त्यांनी रोजच्या खाण्यापिण्यापर्यंत आणला. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीता प्रवचनांत ध्यानयोगाची तीन अंगे सांगितली : चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. मोजून-मापून जगण्याची सवय नसेल, तर आसनावर बसून चित्त एकाग्र होणार नाही, हा त्यांच्या विवेचनाचा इत्यर्थ आहे. कृ. के. कोल्हटकर यांनी योगसूत्रांवरील आपल्या मराठी ग्रंथाला भारतीय मानसशास्त्र असे नाव दिले. या दर्शनाकडे मनाचे शास्त्र म्हणून पाहण्याची नवी दृष्टी त्यातून व्यक्त होते.

याच काळात योगाला संस्थात्मक रूपही आले. नर्मदातीरावरील मालसर येथील माधवदासजी यांचे दोन शिष्य या कार्यात अग्रेसर होते. योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वेसावे येथे योग संस्था स्थापन केली आणि संसारी स्त्रीपुरुषांस योग शिकविण्यावर भर दिला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापून योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली इ. क्रियांचे क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने त्यांनी केलेले संशोधन प्रसिद्ध आहे. टी. कृष्णम्माचार्य यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले आणि पुढे त्यांनी आसनांच्या सूक्ष्म अभ्यासातूनच एकाग्रतेचे शिक्षण देण्याची पद्धती घडविली. १९७५ मध्ये त्यांची संस्था पुण्यात उभी राहिली. योगसूत्रांत आसनांवर अवघी तीन सूत्रे आहेत. आधुनिक योगप्रसारात मात्र आसनांना अग्रस्थान मिळाले. यामुळे आरोग्याचा मोठा लाभ झाला. परंतु यमनियम अनेक ठिकाणी केवळ प्रास्ताविकापुरते उरले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाणीवपूर्वक जगण्याच्या साधनेला बौद्ध परंपरेतूनही नवी चालना मिळाली. सत्यनारायण गोएंका यांनी नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र चालविले. तेथील दहा दिवसांच्या शिबिराचा आरंभ पंचशीलाच्या ग्रहणाने होतो. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात ताण कमी करण्यासाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात श्वासाकडे व शरीराकडे लक्ष देण्याचा सराव आणि सौम्य योगासने यांचा मेळ घातलेला होता. धार्मिक व्रतांचा त्यात समावेश नव्हता. अशा कार्यक्रमांचा प्रसार पुढे रुग्णालये, शाळा व कार्यालये यांत झाला. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून घोषित केला व २०१५ पासून तो पाळला जाऊ लागला.

समीक्षा : योगाच्या दैनंदिन उपयोगावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले जातात. कैवल्यासाठी असलेले शास्त्र मनःशांती, कार्यक्षमता किंवा झोप यांसाठी वापरणे हे त्याचे अवमूल्यन होय, असे परंपरानिष्ठ म्हणतात. जगाकडे पाठ फिरविणाऱ्या दर्शनात संसारी माणसाला उपयोगी असे काही नाही, असे आधुनिक टीकाकारांपैकी काहींचे मत आहे. क्रियायोगाची योजना पाहता हे दोन्ही आक्षेप एकांगी ठरतात. अस्थिर चित्ताच्या माणसासाठी साधना सांगण्याची गरज शास्त्रकारांनाच जाणवली होती. तेव्हा संसारी माणसाचा योग हा शास्त्रबाह्य म्हणता येत नाही.

तथापि शास्त्रकारांनी त्या साधनेची कसोटीही सांगून ठेवली आहे. ती कसोटी म्हणजे क्लेशांची क्षीणता. केवळ ताण कमी होणे किंवा काही काळ शांत वाटणे हे तिच्याशी समानार्थी नाही. क्लेश विच्छिन्न असतानाही मन शांत भासू शकते, हे चैत्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. स्वतःच्या श्वासाविषयी सावध असलेला माणूस आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याकडून होणाऱ्या अन्यायाविषयी बेसावध राहू शकतो. यमांपासून तोडलेले आत्मभान अशा वेळी अधिक सफाईने स्वार्थ साधण्याचे साधन बनते. म्हणूनच अष्टांगांच्या क्रमात यम आधी व धारणा-ध्यान नंतर येतात. यमातील पहिली अहिंसा ही इतर सर्व यमनियमांचे मूळ असून बाकीचे तिलाच अधिक निर्मळ करण्यासाठी आहेत, असे व्यासभाष्यात म्हटले आहे.

दीर्घकाळ, खंड न पडता व आदरपूर्वक केलेला अभ्यासच दृढ होतो, असे पतंजलीचे सांगणे आहे. व्यासभाष्यातील एका रूपकानुसार चित्तरूपी नदी दोन्ही दिशांनी वाहते, कल्याणाकडे व पापाकडेही. वैराग्याने विषयांकडे जाणारा प्रवाह अडविला जातो व विवेकाच्या अभ्यासाने दुसरा प्रवाह मोकळा होतो. यासाठी संसार सोडावा लागतो की नाही, याविषयी परंपरेत मतभेद राहिले. घरात, बाजारात वा रस्त्यात हा प्रवाह कोणत्या दिशेने वळत आहे, हे मात्र प्रत्येकाला आपल्या वागण्यावरून पारखता येते.